चीन आणि जपान एकमेकांना पाण्यात का पाहतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘पुण्यात जपानी शिकतोय, एन-५ची (जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी) तयारी चालू आहे. लिपी चीनची, बौद्ध धर्म चीनमार्गे आलेला, जेवायच्या काड्याही तिकडच्याच. मग या दोन देशांचं इतकं वाकडं का? वैर किती जुनं? आणि भांडणातल्या त्या बेटांना क्लासमध्ये नेमकं काय म्हणायचं?’

मी इतिहासाची प्राध्यापिका नाही. चाकण-रांजणगाव पट्ट्यात जपानी दुभाषी म्हणून सतरा वर्षं पोट भरते आहे. त्यामुळे उत्तर शब्दांच्या आणि पोलादाच्या अंगाने जाणार, तेवढं चालवून घ्या.

आधी एक गैरसमज काढून टाका. शेजार दोन हजार वर्षांचा आहे, वैर नाही. खरी रक्ताची दुष्मनी १८९४ ते १९४५ या पन्नास वर्षांतली. त्याआधी फौजा आमनेसामने आल्या त्या मोजून तीन-चार वेळा. चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल कुबलाई खानाच्या जपानवरच्या १२७४ आणि १२८१च्या स्वाऱ्या फसल्या. १५९२ ते १५९८ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियात फौजा घुसवल्या तेव्हा चीनचं मिंग सैन्य आडवं आलं. बाकी शतकानुशतकं व्यापार, भिक्षू, पोथ्या, चहा. गान्जिन नावाचा चिनी भिक्षू पाच वेळा फसून, वाटेत दृष्टी गमावून, सहाव्या प्रयत्नात ७५३ साली जपानच्या किनाऱ्याला लागला. नारा शहरातलं तोशोदाइजी हे मंदिर त्याचं.

मग वाकडं कशावरून? माझ्या मते याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: भाऊबंदकी. थोरला कोण आणि धाकटा कोण, हा वाद. इसवी सन ६०७ मध्ये जपानच्या दरबाराने चीनच्या सुई सम्राटाला खलिता पाठवला. त्याचा आशय असा, की ‘सूर्य उगवतो त्या देशाचा स्वर्गपुत्र, सूर्य मावळतो त्या देशाच्या स्वर्गपुत्राला लिहितो.’ सम्राट यांग भडकला. असलं उद्धट पत्र पुन्हा माझ्यासमोर आणू नका म्हणाला. त्याला झोंबलं ते उगवणं-मावळणं नव्हे, असं जाणकार म्हणतात. पृथ्वीवर स्वर्गपुत्र एकच, तो आपण, आणि हा कोण दुसरा? थोडक्यात, मायना चुकला. पेशवाईतली पत्रं ज्यांनी चाळलीत त्यांना हा रुसवा समजावून सांगायला नको.

तरीही हजारेक वर्षं थोरलेपण चीनकडेच राहिलं. १८६८च्या मेइजी क्रांतीनंतर, म्हणजे जपानने आधुनिक व्हायचं ठरवल्यावर, पारडं फिरलं, आणि ते आधी शब्दांत फिरलं. पाश्चात्त्य कल्पनांसाठी जपान्यांनी चिनी अक्षरं जोडून नवे शब्द पाडले. ‘तत्त्वज्ञान’ या अर्थाचा ‘तेत्सुगाकु’, टेलिफोनसाठी ‘देन्वा’. ते शब्द चिनी विद्यार्थी तोक्योतून घरी घेऊन गेले आणि आज चिनी भाषेत ते चिनी उच्चारांनी रुळलेत. अक्षरं उसनी घेणाऱ्याने शब्द करून व्याजासकट परत केले म्हणा. चीनमधली राजेशाही उलथवणाऱ्या सुन यत-सेन यांनी आपली क्रांतिकारी संघटना १९०५ साली तोक्योतच उभी केली. म्हणजे दुष्मनी सुरू झाल्यावरही धाकट्याकडे शिकायला जाणं चालूच होतं.

आता पोलाद. १८९४मध्ये सुरू झालेल्या चीन-जपान युद्धात हरलेल्या चीनने १८९५ साली शिमोनोसेकीच्या तहात तैवान दिलं आणि २० कोटी तैल (तैल म्हणजे चांदी मोजायचं जुनं चिनी वजन) चांदी खंडणी कबूल केली. त्यातला काही पैसा घालून जपानने यावाताचा सरकारी पोलाद कारखाना उभारला, १९०१ साली त्याची भट्टी पेटली. पुढे याच कारखान्याच्या वारसातून निप्पॉन स्टील झाली. १९७८च्या ऑक्टोबरात चीनचे नेते तंग श्याओफिंग (डेंग झिआओपिंग) जपानला गेले, शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये बसले, निप्पॉन स्टीलचा किमित्सूचा पोलाद कारखाना पाहिला आणि म्हणाले, आम्हाला असाच एक बांधून द्या. डिसेंबरात शांघायजवळ बाओशानची पायाभरणी झाली, १९८५ मध्ये पहिली भट्टी सुरू झाली. ज्यांच्या चांदीवर यावाता उभं राहिलं, त्यांना यावाताच्याच वंशजाने कारखाना बांधून दिला! आज चीन वर्षाला सुमारे १०० कोटी टन पोलाद काढतो, जपान नऊ कोटींच्याही आत. २०२४ मध्ये निप्पॉन स्टीलने बाओशान गटाबरोबरची मोटारीच्या पत्र्याची वीस वर्षांची भागीदारी सोडून दिली. दोन देशांची सव्वाशे वर्षांची गोष्ट मला कुणी एका गोष्टीत सांगायला सांगितली, तर मी ही सांगते. चाकणमधले लोक पत्र्याचं नाव काढलं की लक्ष देऊन ऐकतात.

मधला काळ मात्र पत्र्याइतक्या सहज सांगता येत नाही. १९०५ साली जपानने रशियाला हरवलं तेव्हा आपल्याकडे आनंदीआनंद झाला, एका आशियाई देशाने गोऱ्यांना धूळ चारली म्हणून. पण ते युद्ध लढलं गेलं मांचुरियात, चीनच्या जमिनीवर. ही बाजू आपल्या आनंदात राहूनच गेली. १८ सप्टेंबर १९३१ला जपानी सैन्याने मुकदेनजवळ स्वतःच रेल्वेरुळावर स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घेतला आणि मांचुरिया गिळला. ७ जुलै १९३७ला उघड युद्ध पेटलं. डिसेंबरात नानजिंग पडलं आणि पुढचे सहा आठवडे कत्तल, बलात्कार, लूट. चीन तीन लाख मृत्यू सांगतो. तोक्योच्या युद्धगुन्हे न्यायालयाने दोन लाखांवर आकडा धरला. निःशस्त्र लोक मारले गेले हे जपान सरकार मान्य करतं, आकडा ठरवणं अवघड आहे म्हणतं. आठ वर्षांच्या त्या युद्धात चीनचे एकूण मेले ते दीड ते दोन कोटींच्या घरात.

‘इतकी वर्षं झाली, चिनी लोक सोडून का देत नाहीत?’ असं कंपनीतले आपलेच लोक मला विचारतात. मी विचारते, पानिपत कधी झालं? १७६१. आणि आपण आजही सहज म्हणतो की ‘विश्वास गेला पानिपतात’, ‘पुरतं पानिपत झालं’. नानजिंग तर आज जगत असलेल्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एका प्रेसच्या जोडणीसाठी चिनी इंजिनीअर आला होता, आणि स्वीकृती द्यायला जपानी सल्लागार. पहिल्या दिवशी मी मध्ये उभी. दुसऱ्या दिवशी बघते तर दोघं फळ्यावर अक्षरं लिहून एकमेकांशी बोलतायत! उच्चार वेगळे, अक्षरं बरीचशी तीच. दुभाषीचं काम गेलं. (घोटाळेही होतात. जपानीत ‘तेगामि’ म्हणजे पत्र. तीच दोन अक्षरं चिनी माणूस वाचतो ती संडासातला कागद अशी.) मग एके दिवशी सकाळी चिनी इंजिनीअरने फोनवर एक व्हिडिओ लावला. त्याच्या गावी, शेनयांगला, भोंगे वाजत होते आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. शेनयांग म्हणजेच जुनं मुकदेन. तारीख १८ सप्टेंबर. तिथे दरवर्षी त्या दिवशी नऊ वाजून अठरा मिनिटांनी भोंगे वाजतात. सल्लागारांनी मला हळूच विचारलं, ‘हा कसला सराव आहे?’ त्यांना खरंच माहीत नव्हतं. साठीचा, अतिशय सभ्य माणूस. मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मुझुकाशी देसु ने.’ कठीण आहे. एन-५मध्ये तुम्ही हे विशेषण शिकाल. याचा एक अर्थ ‘विषय संपला’ असाही होतो, ते पुस्तकात नसतं.

एकाला रोज आठवतं आणि दुसऱ्याला ठाऊकच नसतं, यात जपानच्या शाळांचा दोष आहेच. पण माफीचा घोळ त्याहून मोठा, आणि तो माझ्या धंद्यातला. १९७२च्या सप्टेंबरात पंतप्रधान तानाका काकुएइ संबंध जोडायला बीजिंगला गेले. स्वागताच्या मेजवानीत युद्धाबद्दल बोलताना त्यांनी ‘मेइवाकु’ शब्द वापरला. चिनी भाषांतर झालं ‘माफान’. टाळ्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी सुनावलं, की बाईच्या झग्यावर चुकून पाणी सांडलं तर आमच्याकडे हा शब्द वापरतात. मराठीत त्याची जात सांगायची तर ‘तसदीबद्दल क्षमस्व’. खणलेल्या रस्त्याकडेला ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशी पाटी असते ना, तसं काहीसं, आणि समोर कोट्यवधी मेलेले. आता ‘मेइवाकु’ जपानीत इतका हलका नाही, प्रसंगानुसार तो बराच खोल जातो. तरी माझं मत विचाराल तर दोष दुभाष्याचा नव्हता. मुळातच शब्द अंग चोरून निवडला होता. शेवटी २९ सप्टेंबरच्या संयुक्त निवेदनात जपानने जबाबदारीची जाणीव आणि आत्मपरीक्षण हे शब्द घातले आणि चीनने युद्धाची नुकसानभरपाई सोडून दिली. १९७९पासून जपानने चीनला विकासासाठी मदत आणि स्वस्त कर्जं दिली, २०२२पर्यंत सुमारे ३.६ लाख कोटी येन. नुकसानभरपाई म्हणायचं नाही आणि द्यायचं मात्र! त्यामुळे जपानी म्हणतात आम्ही किती दिलं, चिनी म्हणतात आम्ही किती सोडलं.

तोक्योतल्या यासुकुनी मंदिराचंही असंच. युद्धात मेलेल्या जपान्यांचं ते स्मृतिमंदिर. १९७८ साली तिथे १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांचा आत्मा सन्मानाने समाविष्ट केला गेला. पंतप्रधान तिथे गेला की बीजिंग खवळतं. पंतप्रधान कोइझुमी २००१ ते २००६ दरवर्षी गेले. तिथेच तोक्योच्या त्या युद्धगुन्हे न्यायालयातले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं स्मारक आहे, आणि ‘भारतीय न्यायाधीशाने जपानला निर्दोष ठरवलं’ असे फॉरवर्ड आपल्याकडे फिरतात. पाल यांनी जपानी अत्याचार नाकारले नव्हते. जेत्यांनी मागाहून कायदा करून खटला चालवणं त्यांना मान्य नव्हतं. आणि दुसरीकडे आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली जपानविरुद्ध लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. दोन्ही देशांत आपला एकेक माणूस पूजला जातो. माझ्या त्या इंजिनीअरला महाराष्ट्र कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण कोटणीसांचं चिनी नाव, ‘ख तीह्वा’, शाळेपासून माहीत होतं.

अलीकडचं भराभर सांगते, कारण ते बातम्यांत मिळेल. २०१०मध्ये चीनची अर्थव्यवस्था जपानच्या पुढे गेली. त्याच वर्षी भांडणातल्या त्या बेटांजवळ चिनी मासेमारी बोट जपानी तटरक्षक जहाजांवर आदळली आणि चीनमधून जपानला होणारी दुर्मिळ खनिजांची निर्यात अडली. २०१२मध्ये जपान सरकारने त्यातली तीन बेटं खासगी मालकाकडून विकत घेतली, चीनमध्ये जपानी मोटारी फुटल्या. २०२३मध्ये फुकुशिमा अणुप्रकल्पाचं पाणी समुद्रात सोडल्यावरून चीनने जपानी मासळी बंद केली. नोव्हेंबर २०२५मध्ये पंतप्रधान ताकाइची तैवानबद्दल संसदेत बोलल्या आणि चीनने नागरिकांना जपानला जाऊ नका म्हणून सांगितलं. आणि जपानचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार कोण? चीनच. दोघंही एकाच वेळी बलवान असण्याची सवय या शेजाराला फारशी नाही. थोरलेपण कुणाकडे, हे ठरेना.

राहिली बेटं. पाच बेटं आणि तीन खडक, माणूस राहत नाही. जपानने ती जानेवारी १८९५मध्ये, म्हणजे युद्ध चालू असताना, आपल्या नावावर चढवली. १९६८च्या सर्वेक्षणात आसपास तेल असावं असं दिसलं आणि १९७१मध्ये चीनने जाहीर दावा सांगितला. तंग १९७८मध्ये म्हणाले होते की आमच्या पिढीला एवढी अक्कल नाही, पुढच्या पिढीवर सोडू. जपानी त्यांना सेन्काकू म्हणतात, चिनी त्याओयू. क्लासमध्ये जपानी शिकताय, तेव्हा सेन्काकू म्हणा, सेन्सेईंना (शिक्षकांना) दुसरं चालणार नाही. दुभाषी झालात की बोलणारा जे नाव घेईल तेच घ्यायचं, आपलं घालायचं नाही. आणि मीटिंग सप्टेंबरात असेल तर १८ तारखेला सुट्टी मागणाऱ्या चिनी पाहुण्याला कारण विचारू नका.