रानबकऱ्यांतला हर्पिस कसा ओळखतात?

प्रश्न : डोंगरातल्या रानबकऱ्यांत हर्पिस आहे, हे कसं कळतं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : महूला पशुवैद्यक शिकताना मी पहिला स्वॅब शेळीच्या नाकात फिरवला, तिचा गरम श्वास अजून मनगटावर आठवतो. आल्प्समधल्या आयबेक्स या रानबकऱ्याचाही नमुना असाच घेतात, नाहीतर मेलेल्या जनावराच्या प्लीहेतून. मग पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीनं, विषाणूच्या डीएनए-पॉलिमरेजचं (डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराचं) जनुक शोधायचं. त्याचे काही तुकडे सगळ्या हर्पिस विषाणूंत जवळपास सारखे असतात, म्हणून अनोळखी विषाणूही हाती लागतो. रक्तातल्या प्रतिपिंडांवर मात्र माझा तेवढा भरवसा नाही. गाईंचा हर्पिस विषाणू बीएचव्ही-१ आणि शेळ्यांचा सीपीएचव्ही-१ यांची तिथं सहज गल्लत होते. आणि हो, स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून जनावर मोकळं समजू नका. हे विषाणू चेतापेशींत किंवा पांढऱ्या पेशींत आयुष्यभर दडून राहतात.