वाचकांचे प्रश्न : हेडलाइटचा उजेड वाढवताना

प्रश्न : माझ्याकडे 2012 सालची छोटी हॅचबॅक असून आठवड्यातून दोनदा रात्री कुंभार्ली घाटातून कराडला जावे लागते. हेडलाइटचा उजेड फार अपुरा पडतो. गॅरेजमध्ये 100/90 वॅटचे बल्ब किंवा एलईडी बसवण्याचा सल्ला मिळाला. परंतु एलईडी बसवलेल्या मित्राच्या गाडीला समोरून येणारा प्रत्येक जण चिडून डिपर मारतो. तसे माझ्या बाबतीत होऊ नये, यासाठी काय करावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बल्ब विकत घेण्याआधी एखाद्या वायरिंगवाल्याकडून मल्टिमीटरने एक मोजणी करून घ्या. इंजिन चालू व हेडलाइट लावलेले असताना बॅटरीवर किती व्होल्ट आहेत आणि बल्बच्या होल्डरवर किती पोहोचतात, हे पाहायचे आहे. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बारीक वायरीतून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येत असेल, तर बॅटरीवर 13.8 आणि होल्डरवर 12.4 असे आकडे दिसल्यास नवल वाटू नये. व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरले की हॅलोजन बल्बचा उजेड मात्र सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. अशा वेळी बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर आणून डिपरला (खालच्या झोताला) एक व अप्परला (लांबच्या झोताला) एक असे रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवावेत. मूळ वायर केवळ रिलेला इशारा देण्यापुरती उरते. त्याच बल्बने घाट वेगळा दिसू लागतो.

हेडलाइटच्या काचेकडेही पाहा. तिच्यावरचा पिवळटपणा बारीक ओल्या पॉलिश पेपरने घासून निघतो, मात्र त्यावर अतिनील किरण रोखणारा थर दिला नाही, तर काही महिन्यांत तो परत येतो. आतला रिफ्लेक्टरच (बल्बचा उजेड पुढे वळवणारा चकचकीत भाग) काळवंडला असेल, तर कोणताही बल्ब उपयोगाचा नाही. पूर्ण हेडलाइट बदलावा लागेल.

आता बल्बविषयी. तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये 60/55 वॅटचा (अप्परला 60, डिपरला 55) एच-4 हॅलोजन बल्ब असतो. तो धातूच्या तळाला धरून उजेडात पाहा (काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणाने ती तापून बल्ब लवकर जातो). आत दोन फिलामेंट दिसतील आणि डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी दिसेल. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच उजळतो आणि तिथून प्रकाश रस्त्यावर उतरतो. समोरच्याचे डोळे वाचवणारी सगळी करामत या वाटीची आणि फिलामेंटच्या नेमक्या जागेची आहे. एलईडी बल्बमध्ये पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात. त्यांचा उजेड फिलामेंटच्या जागेवरून आणि त्याच्यासारखा चहूकडे निघत नाही, म्हणून हॅलोजनसाठी घडवलेला रिफ्लेक्टर तो हवा तसा वळवू शकत नाही. काही उजेड वर उडतो आणि बराचसा गाडीच्या नाकासमोर सांडतो. जवळचा रस्ता लख्ख दिसू लागल्याने चालकाला समाधान वाटते, पण त्याच लख्खपणाने बाहुल्या आकुंचन पावतात आणि वळणापलीकडचा काळोख अधिकच दाट होतो. घाटात याहून वाईट सौदा नाही.

100/90 वॅटचा बल्ब हा दुसरा मोह. दोन बल्बना डिपरवर सुमारे 9 अँपिअरऐवजी 15 अँपिअर लागतात आणि तेवढ्यासाठी मूळ होल्डर व वायर बनवलेल्या नसतात. माझ्या पहिल्या गाडीत हा प्रयोग मी केला होता. जळक्या प्लास्टिकचा वास आला तेव्हा होल्डर बल्बला वितळून चिकटला होता. 60/55 वॅटचाच, चांगल्या प्रतीचा नवा बल्ब घ्या आणि निळसर काचेचा टाळा, कारण तो निळा थर उजेडातला काही भाग गिळतोच.

शेवटी फोकस, म्हणजे झोत किती वर-खाली पडतो ते, जो लोक सर्वांत जास्त विसरतात. सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा आणि चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या साधारण 10 सेंटिमीटर खाली आली पाहिजे. काही हेडलाइटवर कंपनीने हा उतार टक्क्यांत छापलेला असतो, तोच प्रमाण माना. आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्याने ही कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे किंचित चढती दिसायला हवी. फोकस लावताना डॅशबोर्डवरचे लेव्हलचे बटण शून्यावर ठेवा, आणि मागे माणसे व डिकीत सामान असेल त्या दिवशी ते आठवणीने 1 किंवा 2 वर न्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 106 याच अनुषंगाने आहे : दिव्यापासून 8 मीटर अंतरावर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. फोकस लावून झाल्यावर त्या जागी स्वतः जाऊन, डोळे त्या उंचीवर आणून पाहा.

प्रश्न : माझ्या गाडीत हॅलोजन बल्बचे प्रोजेक्टर (बल्बपुढे गोल भिंग असलेले हेडलाइट) आहेत. त्यांत एलईडी चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रोजेक्टरमध्ये उजेड अडवणारा पत्रा बल्बमध्ये नसून दिव्यातच असतो, त्यामुळे वरची कड बरीचशी शाबूत राहते आणि समोरच्याला होणारा त्रास कमी असतो. तरीही आतला रिफ्लेक्टर फिलामेंटसाठीच घडवलेला असल्याने लांबचा उजेड अनेकदा फिका पडतो. भिंतीवर आधी मूळ बल्बचा आणि मग एलईडीचा फोटो मोबाइलच्या एकाच सेटिंगवर काढा. कडेच्या लगत खालचा पट्टा अंधुक झाला असेल, तर जुना बल्ब परत बसवा.