पीएच.डी.ची नोंदणी रद्द केली, पण बाळंतपणाचे महिने कुणी मोजलेच नाहीत

प्रश्न : मी एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीत पीएच.डी.साठी नोंदणी झाली. विषय फ्लाय ॲश घातलेल्या काँक्रीटच्या टिकाऊपणाचा. कोर्सवर्क पहिल्याच वर्षी संपलं. लॉकडाउनमध्ये प्रयोगशाळा बंद राहिली आणि ३६५ दिवसांच्या चाचणीसाठी ठेवलेले नमुने वाया गेले. जून २०२१ मध्ये मुलगी झाली. महाविद्यालयातून बाळंतपणाची रजा घेतली, पण विद्यापीठाला लेखी काही कळवलं नाही. गाइड म्हणाले, ‘मी बघतो.’ त्या काळातले दोन प्रगती अहवाल गेले नाहीत. पुढे काम सुरळीत झालं, गेल्या वर्षाची फीसुद्धा विद्यापीठाने भरून घेतली. आणि आता कुलसचिव कार्यालयाचं पत्र आलंय : कमाल सहा वर्षांची मुदत संपल्याने नोंदणी रद्द, हवं तर नव्याने पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) देऊन प्रवेश घ्यावा. प्रबंधाची चार प्रकरणं लिहून झाली आहेत. घरचे म्हणतात, सोडून दे आता. माझ्या हातात काही उरलंय का?

उत्तर : ताई, उरलंय, आणि बरंच उरलंय. पण वेळ फार नाही, म्हणून आधी एकच विनंती करते. पेटचा नवा अर्ज भरू नका. ‘नोंदणी रद्द झाल्याचे मला मान्य आहे’ अशा अर्थाच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. विभागातलं कुणी आपुलकीने म्हणेल की सही करून टाका, नवीन नंबर लगेच मिळेल. त्या एका सहीने तुमची सात वर्षांची नोंदणी तुम्हीच सोडून दिल्यासारखं होईल, आणि पुढे कोर्टात विद्यापीठाचे वकील तोच कागद सगळ्यांत आधी पुढे करतील.

आता नियम पाहू. तुमची नोंदणी २०१८ ची, म्हणजे तुम्हाला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे पीएच.डी. विनियम लागू होतात. नवे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ ला आले. त्याआधी नोंदणी झालेल्यांच्या पदव्या जुन्याच विनियमांप्रमाणे द्यायच्या, असं त्या नव्या विनियमांतच लिहिलं आहे. हे सांगायचं कारण, विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात दोन्ही नियमावल्यांची सरमिसळ सर्रास होते. २०२२ च्या विनियमांत सहा वर्षांनंतरची दोन वर्षं ‘पुनर्नोंदणी’ करून मिळतात. ती पुनर्नोंदणी म्हणजे चालू नोंदणीला दिलेली मुदतवाढ असते, त्यात पेट पुन्हा द्यावी लागत नाही. तुमच्या पत्रात मात्र थेट नव्याने प्रवेश घ्यायला सांगितलंय. याला ना जुन्या विनियमांचा आधार आहे, ना नव्या.

२०१६ च्या विनियमांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, कोर्सवर्क धरून. पत्र लिहिणाऱ्याने एवढंच वाचलेलं दिसतं. त्याच कलमात पुढे म्हटलंय की महिला संशोधकांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना या कमाल मुदतीत दोन वर्षांची शिथिलता देता येईल. शिवाय महिलांना संपूर्ण कालावधीत एकदा, २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येईल. म्हणजे तुमचा हिशेब ऑगस्ट २०२४ ला संपत नाही. दोन वर्षं धरली तर तो ऑगस्ट २०२६ पर्यंत जातो. रजेचे २४० दिवस मुदतीतून वगळले, तर एप्रिल २०२७ च्या आसपास पोचतो. रजेचे दिवस वगळायचेच नसतील तर त्या रजेला अर्थ काय राहिला, हा युक्तिवाद मला स्वतःला भक्कम वाटतो.

पण इथे तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. विनियमात ‘देता येईल’ असे शब्द आहेत, ‘द्यावीच लागेल’ असे नाहीत. मुदतवाढ हा तुमचा आपोआपचा हक्क नाही, विद्यापीठाला दिलेला तो अधिकार आहे. मात्र अधिकार दिला म्हणजे तो डोकं लावून वापरण्याची जबाबदारीही आली. तुमच्या बाबतीत विद्यापीठाने मुदतवाढ नाकारली, असंसुद्धा म्हणता येत नाही, कारण तिचा विचारच झालेला नाही. पत्रात शिथिलतेचा शब्द नाही, रजेचा नाही. तुम्हाला नोटीस नाही, म्हणणं मांडायला बोलावलं नाही. सात वर्षांचं काम पुसून टाकणारा निर्णय समोरच्याचं ऐकून न घेता देणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, आणि तुमच्या प्रकरणाचा खरा कणा हाच आहे. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की आदेश ज्या कारणांवर दिला, त्याच कारणांवर तो तपासला जाईल. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो सावरता येणार नाही. तुमच्या पत्रात कारण एकच आहे, सहा वर्षांचं. अहवाल राहिल्याचा मुद्दा विद्यापीठाला या पत्राच्या आधारासाठी मागून आणता येणार नाही.

तरीही ते उद्या दुसरं, नीट लिहिलेलं पत्र काढू शकतात, आणि त्यात तो मुद्दा असेल. म्हणून ते दोन अहवाल आजच करायला घ्या. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे काम मांडायचं, ही अट विनियमातलीच आहे, तिच्यातून सुटका नाही. ‘गाइड बघतो म्हणाले’ यालाही कायद्यात फार वजन नाही. गाइड भले असतील, पण रजा मंजूर करणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्याकडून आता एक साधं पत्र मात्र घ्या : जून २०२१ मधल्या प्रसूतीची त्यांना तेव्हाच माहिती होती, त्या काळात काम का थांबलं, आणि आज प्रबंध कुठवर आला आहे.

रजेचा पुरावा तुमच्याकडे आहेच, तो तुमच्या लक्षात आला नाही इतकंच. महाविद्यालयाने दिलेला रजा मंजुरीचा आदेश त्याच काळातला आहे, त्यावर तारीख आणि जावक क्रमांक आहे. नोकरीतली सव्वीस आठवड्यांची रजा तेव्हा प्रसूती लाभ कायद्याखाली मिळत होती. विद्यार्थिनींना तो कायदा लागू नव्हता, त्यामुळे ही रजा आपोआप पीएच.डी.ची रजा ठरत नाही. पण तुम्ही आज बसून सबब रचत नाही आहात, हे दाखवायला यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही. सोबत मुलीचा जन्मदाखला जोडा. लॉकडाउनचा मुद्दा दुय्यम ठेवा. कोविडमुळे आयोगाने प्रबंध सादर करायला दिलेली मुदतवाढ शेवटच्या टप्प्यातल्या संशोधकांसाठी होती आणि ती जून २०२२ ला संपली. तुम्हाला ती हक्काने मागता येणार नाही. नमुने वाया गेले ही वस्तुस्थिती मात्र अवश्य लिहा. काँक्रीटचा ठोकळा वर्षभर पाण्यात ठेवूनच तपासायचा असेल, तर ते वर्ष कुणाला आवळून सहा महिन्यांचं करता येत नाही. लॉगबुक, प्रयोगशाळा बंद ठेवण्याची परिपत्रकं, नमुने पुन्हा टाकल्याच्या तारखा, हे सगळं लावा. प्रशासनातल्या माणसाला हा भाग समजावून सांगावा लागतो.

फीबद्दल. सहा वर्षं उलटल्यावर विद्यापीठाने फी घेतली म्हणून नोंदणी आपोआप वैध ठरली, असं मानू नका. कायद्याने मनाई केलेली गोष्ट फी घेतल्याने वैध होत नाही. इथे मात्र मनाई नाही, मुदत वाढवायचा अधिकार आहे. त्यामुळे विद्यापीठाने स्वतः तुम्हाला चालू संशोधक मानलं, हे सांगायला ती पावती नक्की कामाला येते.

आमच्या विद्यापीठाचा अध्यादेश वेगळा आहे, असं उत्तर येऊ शकतं. सहा वर्षांपुढच्या मुदतवाढीचा तपशील २०१६ च्या विनियमांनी विद्यापीठांवर सोडला आहे हे खरं, म्हणून तो अध्यादेश मागून घ्या आणि स्वतः वाचा. बऱ्याचदा त्यात मुदतवाढीचं कलम असतं, फक्त कुणी दाखवत नाही. आणि उच्चशिक्षणाच्या दर्जाच्या बाबतीत आयोगाचं म्हणणं किती वजनदार असतं, हे महाराष्ट्राने २०२० मध्ये पाहिलं आहे. अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता विद्यार्थ्यांना पुढे ढकलता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या ऑगस्टमध्ये ठरवलं, आणि परीक्षा रद्द करण्याचा राज्याचा निर्णय आयोगाच्या सूचनांपुढे टिकला नाही.

मातृत्व आणि शिक्षण यांच्या ओढाताणीत न्यायालयांनी विद्यार्थिनींची बाजू घेतलेली आहे. उत्तर प्रदेशातल्या तांत्रिक विद्यापीठाच्या एका बी.टेक. विद्यार्थिनीची गरोदरपणामुळे परीक्षा हुकली, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिला संधी द्यायला आणि विद्यापीठाला अशा विद्यार्थिनींसाठी नियम करायला सांगितलं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एम.एड.च्या विद्यार्थिनीला प्रसूती रजेचा लाभ नाकारणारा निर्णय रद्द केला; शिक्षण की मातृत्व, असं निवडायला स्त्रीला भाग पाडता येणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. मुंबई उच्च न्यायालयावर हे निकाल बंधनकारक नाहीत आणि ते पीएच.डी.चेही नाहीत. तरी युक्तिवादात ते उपयोगी पडतात.

आता कामाचा क्रम. या आठवड्यात कुलगुरूंच्या नावाने निवेदन द्या, प्रत कुलसचिवांना. मागण्या तीनच ठेवा : रद्द करण्याचं पत्र मागे घ्यावं, महिला संशोधक म्हणून दोन वर्षांची शिथिलता द्यावी, आणि २४० दिवसांची रजा पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करून मुदतीतून वगळावी. सुनावणीची मागणी वेगळ्या ओळीत करा. आवक विभागाचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका, स्पीड पोस्टनेही एक प्रत पाठवा. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तुमच्या फाइलमधल्या टिपण्या, नोंदणी रद्द करण्याचा निर्णय कुठल्या बैठकीत झाला तिचं इतिवृत्त, आणि गेल्या पाच वर्षांत किती महिला संशोधकांना मुदतवाढ दिली, याची माहिती मागा. तुमच्यासारख्याच कुणाला ती मिळालेली असेल, तर समानतेचा मुद्दा आयता हाती येईल.

निवेदनाला उत्तर आलं नाही तर आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो विरोधात गेला तर पंधरा दिवसांच्या आत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. ही वाट धरा, पण तिच्यावर विसंबून महिने घालवू नका. प्रबंधाची तारीख जवळ येत असेल किंवा समितीच अस्तित्वात नसेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि ‘प्रबंध स्वीकारावा, निकाल याचिकेच्या निर्णयाला अधीन’ असा अंतरिम आदेश मागता येतो. तुम्ही जिल्हा छापू नका म्हणालात, म्हणून एवढंच सांगते : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, तिथल्या लोकांना आता मुंबई गाठावी लागत नाही.

शैक्षणिक बाबतीत न्यायालयं हात आखडता घेतात. अर्धवट प्रबंध घेऊन गेलात तर मुदतवाढ कशासाठी, हा प्रश्न येणार. तयार प्रबंध घेऊन गेलात तर विद्यापीठाला ‘हे काम फेकून द्या’ असं उघडपणे म्हणावं लागेल, आणि ते म्हणणं सोपं नाही. म्हणून चार प्रकरणांवर थांबू नका. उरलेलं पूर्ण करा. २०१६ च्या विनियमांनुसार प्रबंधाआधी तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात किमान एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं लागतात, त्यांची प्रमाणपत्रं जमवून ठेवा. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

घरच्यांना एक सांगा. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. लागतेच. आज सोडून दिलं तर नोकरीत आहात तिथेच थांबाल, आणि तेही विद्यापीठाच्या एका पत्रामुळे, ज्यात तुमच्या मुलीच्या जन्माची दखलही नाही. थोडे महिने घरातली कामं वाटून घ्या म्हणावं.

आणि या वर्षाची फी चुकवू नका. पोर्टलवर तुमचं नाव बंद केलं असेल तर तेवढ्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट ‘हक्क राखून’ अशा शब्दांच्या पत्रासोबत पाठवा. परत आला तर तो लिफाफा न फोडता तसाच ठेवा, याचिकेत जोडता येईल.