नवे द्विदल चारा पीक पुढे तण होईल का?

प्रश्न : चारा आणि जमिनीचे आच्छादन अशा दोन्ही कामांसाठी वेलवर्गीय बहुवार्षिक द्विदल पीक घ्यायचे आहे. ते फार जोमाने पसरते म्हणतात. पुढे तेच तण होऊन बसेल का?

उत्तर : नुसत्या जोमावरून ठरवू नका. हरभरा कितीही चांगला वाढला तरी शेताबाहेर टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड होऊन त्याचे बी ओल मिळताच उगवू लागले आहे, जमिनीत साठून राहत नाही. चाऱ्याची द्विदले मात्र बरीचशी अजून रानटीच आहेत. सुबाभळीचेच पाहा : एकटे झाडही भरपूर बी धरते, ते कठीण कवचाचे बी वर्षानुवर्षे मातीत जिवंत राहते. जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे.

म्हणून आधी बी तपासा. १०० बिया रात्रभर पाण्यात भिजवा. न फुगलेल्या त्या कठीण, म्हणजे मातीत साठून राहणाऱ्या. चाचणी स्वतःच्या झाडावरच्या पहिल्या बियांवर घ्या, कारण विकतचे बी बहुधा घासून किंवा गरम पाण्याची प्रक्रिया करून येते आणि सगळेच फुगते. काही पक्व शेंगा न तोडता ठेवा, तडकून बी किती गळते ते दिसेल.

बी निर्धोक निघाले तरी वेल पेऱ्यापेऱ्यावर मुळावते का, हेही बघा. कुडझू हा द्विदल वेल मुख्यतः तसाच पसरतो. अमेरिकेत तो १८७६ च्या प्रदर्शनात शोभेचा वेल म्हणून आला, १९३० च्या दशकात धूप थांबवायला सरकारनेच वाटला आणि १९५३ मध्ये शिफारशीतून वगळला.

नवी वनस्पती देशात येऊ द्यावी का, हे ठरवायच्या ऑस्ट्रेलियाच्या तण-जोखीम पद्धतीत ४९ प्रश्न आहेत. गुण ६ पेक्षा जास्त झाले तर वनस्पती नाकारतात, १ पेक्षा कमी असतील तर स्वीकारतात, मधल्यांची आणखी तपासणी होते. माझ्या मते त्यातला सर्वांत कामाचा प्रश्न एकच : सारख्या हवामानात इतरत्र हे तण ठरले आहे का? त्यासाठी बियाण्याच्या पिशवीवरचे शास्त्रीय नाव कळवा, व्यापारी नावावरून काही समजत नाही.

तोवर लावायचेच असेल तर ओढ्याकाठी, बांधावर नको. कापणी फुलोऱ्यातच उरका. शेंगा धरलेला चारा जनावरांना घातला तर कठीण बी शेणातून थेट दुसऱ्या रानात जाते.