आठ वर्षांच्या मुलीसाठी चित्रकलेचे मोबाइल गेम: कुठला खेळावा आणि मग कागदावर काय करावं

आठ वर्षांची लेक मोबाइलवर खेळतेच, तर त्यातून चित्रकलेचं काही शिकेल का, असं तुम्ही विचारलंय. शिकेल. पण गेमने डोळा तयार होतो, हात नाही. म्हणून दहा मिनिटं गेम झाला की वीस मिनिटं कागद, हे आधीच ठरवा.

आकड्यांवरून रंग भरायचे गेम मी सुचवणार नाही. बोट लावलं की रंग आपोआप रेषेच्या आत बसतो, आणि कुठला रंग हेही गेमनेच ठरवलेलं. मुलीने करायचं काय?

सुरुवात ‘आय लव्ह ह्यू’ने करा. विस्कटलेले रंगीत चौकोन छटांच्या क्रमाने लावायचे असतात. काळा ठिपका असलेले हलत नाहीत, त्यांच्यावरून अंदाज घ्यायचा. फोनचा रात्रीचा पिवळसर उजेड आधी बंद करा, नाहीतर जवळजवळच्या निळ्या छटा सारख्याच दिसतात. लाल-हिरव्यात ती सतत चुकत असेल तर रागावू नका, डोळे तपासून घ्या.

मग कागदावर सात चौकोन आखून पोस्टर कलरने पांढऱ्यापासून निळ्यापर्यंत शिडी करू द्या. पांढऱ्यात निळा ब्रशच्या टोकाने, थोडा थोडा घालायचा. निळ्यात पांढरा घालत बसलं तर पांढरी बाटली संपते, तरी फिकी छटा येत नाही. आणि हे जरूर करून दाखवा: पडद्यावर लाल आणि हिरवा उजेड मिळून पिवळा होतो, रंगपेटीतले लाल-हिरवे मिसळले की मळकट तपकिरी. हे माहीत नसेल तर रंग बिघडले असं वाटून मुलं ब्रश टाकतात.

‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा कोड्यांचा गेम त्यानंतर. त्यातल्या इमारती आयसोमेट्रिक आहेत: लांबची वस्तू लहान होत नाही, म्हणून दूरचा जिना जवळच्या भिंतीला चिकटल्यासारखा दिसतो. डच चित्रकार एशरच्या 1961 च्या ‘वॉटरफॉल’ चित्रात पाटाचं पाणी धबधब्याच्या माथ्यावर परत पोचतं, तीही याच जातीची करामत. कागदावर 4 सेंमीची उभी रेषा काढा. तिच्या दोन्ही टोकांपासून डावी-उजवीकडे, गुण्याने 30 अंशांत वर जाणाऱ्या 4 सेंमीच्या रेषा घ्या. बाजूच्या उभ्या रेषा जोडा, वरचा भाग समांतर रेषांनी बंद करा, ठोकळा तयार. मात्र पुढे एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेत, आठवणीतून काढायच्या स्मरणचित्रात हीच सवय नडते, रस्ता दूर जाताना निमुळता होतच नाही. ही पद्धत आणि दूरचं लहान होत जाणारी, दोन्ही शेजारी शेजारी काढून दाखवा.

खरी चित्रं बघायला संग्रहालयांतली चित्रं दाखवणारं गूगल आर्ट्स अँड कल्चर हे अॅप उत्तम. व्हॅन गॉगचं 1889 चं ‘द स्टारी नाइट’ उघडून चंद्राजवळ झूम करा आणि ब्रशचे फटकारे कुठल्या दिशेने वळतात ते तिला बोटाने हवेत गिरवायला सांगा.