सुभक्तीची 'कसरत' की 'साधना'?

प्रश्न असा आहे: खेळाडूची शिस्त आणि ख्रिस्ती जीवन या विषयावर तरुणांसमोर बोलायचं आहे. बायबलमधल्या 1 तीमथ्य 4:7 मध्ये 'सुभक्तीविषयी कसरत कर' असं वाचलं आणि 'कसरत' खटकली. सर्कस आठवते, तारेवरची कसरत आठवते. त्याऐवजी 'साधना' म्हणावं, की सरळ 'आध्यात्मिक शिस्त'?

माझं म्हणणं, 'कसरत' काढू नका.

मूळ ग्रीक शब्द आहे 'गुम्नाझे'. 'गुम्नॉस' म्हणजे उघडा. ग्रीक खेळाडू कपडे उतरवून सराव करत, म्हणून या क्रियापदाला कसून सराव करणं असा अर्थ आला. आपली 'जिम'ही त्याच घरातली. हे पत्र ज्याच्या नावाचं आहे त्या प्रेषित पौलाने हा शब्द थेट आखाड्यातून उचललाय. 'साधना' घातलीत की डोळे मिटून एकांतात बसलेला माणूस समोर येतो आणि घाम पुसला जातो. एरवी शब्द सुंदर आहे, पण इथे तो फार स्वच्छ वाटतो.

आता 'कसरत'. हा मुळात अरबी शब्द, अर्थ विपुलता, पुष्कळपणा. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येताना पुष्कळदा करणं, मग सराव, मग व्यायाम असा तो सरकत आला. तार त्याला फार उशिरा जोडली गेली. धावपटूचा सराव जवळून पाहिलात तर हा जुना अर्थ दिसेल. तो शर्यत क्वचितच धावतो. खाली वाकतो, उसळतो, चार पावलं टाकतो, थांबतो, मागे येऊन पुन्हा वाकतो. तेच वीसदा. रोज एकच स्तोत्र म्हणायला बसणाऱ्याचंही असंच होतं. दुसऱ्या ओळीला मन भटकतं, त्याला धरून परत पहिल्या ओळीवर आणायचं. हे परत आणणं म्हणजेच कसरत.

गंमत म्हणजे 'गुम्नाझे' हा ग्रीक शब्द मुळीच सोवळा नाही. 2 पेत्र 2:14 मध्ये खोट्या शिक्षकांचं मन लोभात तयार झालेलं आहे असं म्हटलंय, तिथेही हेच क्रियापद. सराव कशाचाही होतो, आपण रोज काहीतरी घोटतच असतो. तुमच्या भाषणात हे जरूर घ्या, तरुणांना लगेच पटेल.

'तालीम' सुचवणारेही भेटतात. मूळ अर्थ शिकवण, मराठीत पहिलवानाची जागा आणि नाटकाचा सरावही. शब्द रांगडा आणि छान. पण 'सुभक्तीची तालीम' म्हटलं की नाटकवाला अर्थ डोकावतो, आणि शुभवर्तमानातल्या 'ढोंगी' या शब्दाचं ग्रीक मूळ नेमकं 'नट' असं आहे! तेव्हा जपून.

1 करिंथ 9, म्हणजे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय, तर तुम्ही घेणारच. ग्रीसमधल्या करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याला पानांचा हार मिळे, तोही सुकणारा. 'नाशवंत हार' ऐकताना तिथल्या वाचकाला काय दिसलं असेल ते यावरून कळतं. त्याच अध्यायात 'मी आपले शरीर कुदलतो' असं येतं. पुष्कळांना 'कुदलणे' ओबडधोबड वाटतं. मूळ ग्रीक शब्द त्याहून ओबडधोबड आहे: डोळ्याखाली ठोसा मारणं, काळंनिळं करणं. मुष्टियोद्ध्याची भाषा. फक्त एक सांगा, की हा शरीराचा द्वेष नव्हे. खेळाडू शरीराला राबवतो ते त्याला कामाचं करण्यासाठी.

राहिली 'शिस्त'. 'आध्यात्मिक शिस्त' हे आज रुळलंय, पण कानाला छडी लागल्यासारखी लागते. खरं तर या शब्दाच्या पोटात वेगळंच काही आहे. फारसीत तो तिरंदाजीतला; 'शिस्त' म्हणजे रोख, निशाणा. याच अध्यायात पौल म्हणतो की मी अनिश्चितपणे धावत नाही, वाऱ्यावर ठोसे मारत नाही. शिस्तीचा हा जुना अर्थ तिथे चपखल बसतो, पण श्रोत्यांना तो सांगावा लागेल.

मी बोलत असतो तर 'नेम' वापरला असता. रोजचा ठरलेला परिपाठ तो नेम आणि निशाणा धरायचा तोही नेम. प्रार्थनेचा नेम चुकला म्हणा की बाणाचा, क्रियापदसुद्धा तेच. आणि इब्री 12:1 मध्ये तो आपल्यासाठी आधीच ठेवलेला आहे: 'नेमून दिलेल्या धावेवरून धीराने धावावे'. वाचताना 'नेमून'वर क्षणभर थांबा.