चाफ्याची फांदी कुजते, काय करू?

प्रश्न: मालवणला आमच्या अंगणात पांढरा खुरचाफा आहे. पावसात पानांखाली केशरी पावडर धरते नि पानं गळतात. जूनमध्ये त्याचीच फांदी लावली तर ती पण बुडातून कुजली.

उत्तर: ताई, ती पावडर म्हणजे तांबेरा, बुरशीच ती, आपल्याकडच्या दमट हवेत चाफ्याला होतेच, झाड सहसा मरत नाही त्याने, फक्त गळलेली पानं बुंध्यात साचू देऊ नका आणि पाईपने पानांवर पाणी मारू नका. थंडीत पानं गेली तरी टेन्शन नको, सवयच आहे त्याला.

फांदी मात्र भर पावसात लावायचीच नाही. मार्च-एप्रिलमध्ये हातभर लांब, करड्या सालीची जाड फांदी कापा, पांढरा चीक गळून जाऊदे (तो हात डोळ्याला लावू नका, आग होते), मग आठ-दहा दिवस सावलीत नुसती पडू द्या. कापलेलं तोंड सुकून कडक झालं की मगच रेतीमिश्रित मातीत खोचा, आणि नवी पानं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने, नायतर परत तेच.

आणि एक गंमत, देवळापुढे दिसतो म्हणून आपल्याला हा इथलाच वाटतो पण मूळ मेक्सिको, कॅरिबियनकडचा. शास्त्रीय नाव प्लुमेरिया, शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञावरून. रात्री घमघमतो, पण फुलात मध नसतो, पतंग बिचारे फुकट फेऱ्या मारतात!

नर्सरीत चमच्यासारख्या पानांचा चाफा मिळतो तो भरभरून फुलतो खरा, पण वास जवळजवळ नाहीच. वासासाठी हवा असेल तर घेऊ नका.